मजलिसच्या भिंतीतलं भजन

शुक्रवारी सकाळी रियाधमध्ये जी शांतता पसरते, तिची मला कधी सवय झाली नाही. आम्ही ओलाया या गजबजलेल्या भागातल्या मागच्या गल्लीत राहायचो. एरवी तिथे उजाडल्यापासून गाड्यांचा ओघ, हॉर्न, डिलिव्हरीवाल्यांच्या मोटरसायकली. शुक्रवारी मात्र सगळी शटरं खाली. चौकातला सिग्नल लाल-हिरवा होत राहायचा आणि त्याच्यासमोर एकही गाडी नसायची. वाऱ्यात धूळ असली की ऊनसुद्धा शिळ्या चहाच्या रंगाचं दिसायचं. दुपारच्या मोठ्या नमाजापर्यंत शहर असंच पडून असायचं, आणि तेवढ्या वेळात आमच्या घरी उपासना व्हायची.

आम्ही जालन्याकडचे मराठी ख्रिस्ती. नवरा एका बँकेच्या आयटी विभागात, मी घरी, आणि एक मुलगी. सौदीत चर्च नाही. आपल्या घरात, आपल्या माणसांत बसून प्रार्थना केली तर सहसा कोणी विचारत नाही. पण आवाज दाराबाहेर जाता कामा नये आणि दुसऱ्या धर्माच्या माणसाला आपलं काही सांगता कामा नये, एवढं प्रत्येक जण इथे आल्याआल्याच शिकतो. नवी मंडळी म्हणायची, आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही, उगाच घाबरता. जुनी मंडळी मान हलवायची आणि तरी पडदे ओढून घ्यायची.

आमचं घर जुन्या पद्धतीचं होतं. जिन्यावरून आत आलं की पहिलीच खोली मजलिसची, म्हणजे पुरुष पाहुण्यांना बसवायची. तिला बाहेरून वेगळं दार. चारी भिंतींना टेकून जमिनीवर गाद्या आणि लोड. पाच-सहा कुटुंबं त्या गाद्यांवर दाटीवाटीनं बसायची. एसी मोठ्या घरघरीवर ठेवायचा आणि त्या घरघरीच्या खाली मावेल एवढ्याच आवाजात गायचं. टाळी नाही, डफ नाही, पेटी नाही. गाणं म्हणजे श्वासाला थोडासा सूर लावल्यासारखं. माझी मुलगी अशीच गायला शिकली. सुट्टीत गावी गेलो तेव्हा देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) सगळे छप्पर उडेल असे गात होते आणि ही नुसते ओठ हलवत उभी. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "पोरीला गाणी येत नाहीत का गं?" तिला सगळी येत होती.

उपदेश करायचे ते काका. वयानं सगळ्यांत मोठे, नगरकडचे, एका बांधकाम कंपनीत इंजिनीयर. बायको वारल्यापासून एकटेच राहायचे. गावाकडे त्यांचं नाव होतं. मैदानात मांडव घालून सभा भरायच्या, कर्णे लागायचे आणि काका तारणावर, म्हणजे प्रभूनं केलेल्या सुटकेवर, बोलायला उभे राहिले की रस्त्यानं जाणारी बैलगाडीसुद्धा थांबायची, असं त्यांच्याच गावचे एक जण सांगायचे. इथे त्यांना कुजबुजत उपदेश करावा लागे. मोठा आवाज दाबून ठेवल्यामुळे त्यांच्या गळ्याच्या शिरा फुगायच्या. पण बोलायचे असे की कुजबुजसुद्धा अंगावर यायची.

"तारण कमावता येत नाही," ते म्हणायचे. "ते दिलेलं असतं. आपण फक्त हात पुढे करायचा, तो विश्वास. पण हात पुढे केला आणि देणगी मिळाली, की मग तो हात खिशात घालून बसता येत नाही. तो कोणाच्या तरी पायांकडे गेला पाहिजे. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले. आपण कोणाचे धुतले?"

आम्ही माना खाली घालायचो. मला मनातून वाटायचं, इथे कोणाचे पाय धुणार? शेजारी कोण राहतं हेसुद्धा आपल्याला माहीत नाही.

त्या घरात आम्हाला वर्षभर झालं असेल. एका शुक्रवारी शेवटचं गीत म्हणून झालं. आम्ही थांबलो. एक आवाज थांबला नाही.

तो आमच्यात मिसळलेला होता म्हणून आधी कळलाच नव्हता. आम्ही थांबल्यावर उघडा पडला. जाड, पुरुषाचा, शब्द नसलेला. आमच्या गीताची शेवटची ओळ त्यानं सावकाश पुरी केली आणि मग तोही थांबला. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाला वाटलं, दुसराच कोणीतरी आहे. काका हसून म्हणाले, "कोणाचं तरी मन भरून आलंय." कोणीच हो म्हटलं नाही.

पुढच्या शुक्रवारी मी गाणं सोडून नुसती ऐकत राहिले. आवाज आमच्या मागे मागे येत होता. आम्ही एक ओळ म्हटली की क्षणभरानं तीच ओळ. अंधारात कोणी आपल्या पावलावर पाऊल ठेवत चालावं तसा. मी ज्या भिंतीला टेकले होते ती भिंत माझ्या पाठीत बारीक थरथरत होती. मी पुढे सरकून बसले.

त्या भिंतीपलीकडे दुसरं घर होतं. आमच्या जिन्यावर त्याचं दार आमच्या दारासमोरच होतं, पण ते मी कधी उघडलेलं पाहिलं नव्हतं. कडीवर धुळीचा थर, उंबऱ्याशी उडून आलेले कागद. मी खाली जाऊन हारिसला, म्हणजे इमारतीच्या राखणदाराला विचारलं. तो बांगलादेशी होता, माझ्याशी हिंदीत बोलायचा.

"भाई, सामनेवाले में कौन रहता है?"

"वो तो बंद है मॅडम. सालों से बंद है."

मी वर आले. त्या दाराकडे न बघता माझं दार उघडलं आणि आतून दोनदा कुलूप लावलं.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "पाइपमधून येत असेल. वरच्या मजल्यावर कोणी गुणगुणत असेल."

"आपलीच गीतं?"



मग तो मंगळवार आला. मुलगी शाळेत, नवरा ऑफिसात. मी मजलिसमध्ये इस्त्री करत होते. बाहेर धुळीचं वादळ होतं, खिडकी नारिंगी झाली होती, दुपारीच दिवा लावावा लागला होता. एसी बंद होता. भिंतीतून आवाज सुरू झाला. या वेळी तो कोणाच्या मागून येत नव्हता, आपला आपण गात होता.

पहिल्या दोन ओळींत मला काही उमगलं नाही, नुसता काटा आला. तिसऱ्या ओळीला मी इस्त्री उभी करून ठेवली. ते आमच्या गावचं भजन होतं. संध्याकाळच्या उपासनेला, टाळ आणि ढोलकीवर म्हणतात ते. त्याला टाळ्यांशिवाय गंमत नाही, म्हणून रियाधमध्ये आम्ही ते एकदाही म्हटलं नव्हतं. आणि त्याची एक खूण आहे. शेवटची ओळ खाली उतरायला हवी तिथे आमच्याकडे ती वर चढते आणि तशीच लोंबकळत राहते. फार पूर्वी कोणा म्होरक्याची चूक झाली होती म्हणे, आणि सगळ्यांनी ती तशीच उचलली. बाहेरगावचे पाहुणे त्या जागी हमखास खाली जातात आणि मुलं खुदखुदतात.

भिंतीतला आवाज त्या जागी आला आणि वर चढला.

मी अनवाणी, पाय न वाजवता भिंतीपाशी गेले. कान लावला. आवाज थांबला. पलीकडे कोणीतरी श्वास रोखून धरल्यासारखं वाटत होतं. मी मागे सरकले, इस्त्रीच्या टेबलापर्यंत आले, आणि तो पुन्हा सुरू झाला, पहिल्या ओळीपासून. मी पर्स उचलली आणि तशीच खाली जाऊन मुलीच्या शाळेची बस येईपर्यंत धुळीत उभी राहिले.

त्या आठवड्यात मी सगळ्यांना सांगितलं. एकीला वाटलं, काहीतरी वाईट वास करतंय, घर बदला. नागपूरच्या एका भाऊंना वाटलं, कोणीतरी आपलं रेकॉर्डिंग करतंय आणि उद्या इकामे, म्हणजे राहायचे परवाने, रद्द करून सगळ्यांना परत पाठवतील. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, देवदूत असेल. पण म्हणताना त्यांचाही चेहरा उतरलेला होता. काकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ते विश्वासावर बोलतील, भिऊ नका म्हणतील. ते म्हणाले, "लहान मुलं आहेत आपल्यात. काही आठवडे थांबू." त्यांच्या तोंडून हे ऐकल्यावर मला खरी भीती वाटली.

पहिल्या शुक्रवारी प्रत्येकानं आपापल्या घरी प्रार्थना केली. आम्ही तिघं झोपायच्या खोलीत बसलो. नेहमीची वेळ झाली आणि मजलिसमधून आवाज यायला लागला. तो एक ओळ म्हणायचा आणि थांबायचा. जेवढ्या वेळात आम्ही पुढची ओळ म्हटली असती तेवढा वेळ गप्प राहायचा. मग तीच ओळ पुन्हा, जरा मोठ्यानं. असं करता करता त्याचा सूर सुटला आणि उरलं ते नुसतं विव्हळणं. कोणी अंधारात हात पुढे करून चाचपडावं आणि हाताला काहीच लागू नये, तसं. नवऱ्यानं उठून हॉलमधला टीव्ही मोठा केला. मुलगी शाळेतल्या हिंदीत मला म्हणाली, "आई, वो हमको ढूंढ रहा है."

दुसऱ्या शुक्रवारीही तसंच झालं. रविवारी सकाळी दार वाजलं.

दारात पायघोळ काळ्या अबायातली एक बाई उभी होती. पन्नाशीची, चेहरा उघडा, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं. तिनं सलाम केला आणि इंग्रजीत विचारलं, "तुम्ही थांबवलंत का?"

"काय?"

"शुक्रवारचं गाणं."

मी म्हटलं, "गाणं नाही... टीव्ही असेल. मुलगी लावते."

तिनं मान हलवली. "मी तक्रार करायला आले नाही. मी पलीकडे राहते. माझे वडील दोन शुक्रवारांपासून नीट जेवत नाहीत. कालपासून तर तोंडच उघडत नाहीत. कृपा करून सांगा, तुम्ही पुन्हा कधी गाणार?"

मी तिला आत घेतलं. दुसरं काय करणार? मी तिच्यासाठी चहा टाकला. ती मजलिसमध्ये त्याच भिंतीजवळ बसली आणि भिंतीवर हात ठेवून म्हणाली, "त्यांचा पलंग इथे आहे. या भिंतीला लागून."

समोरचं बंद दार हे त्यांच्या मजलिसचं होतं. वडील अंथरुणाला खिळल्यापासून पाहुणे येईनात, म्हणून ते दार बंद करून त्या खोलीत त्यांचा पलंग लावला होता. घरात जायचं रोजचं दार इमारतीच्या मागच्या जिन्यावर होतं. हारिस खोटं बोलला नव्हता. त्यानं दार बंद आहे म्हटलं होतं, मी घर समजले होते.

वडील शाळेत भूगोल शिकवायचे. काही वर्षांपूर्वी मेंदूत रक्त साकळलं आणि उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुलीचं नावसुद्धा घेता येत नाही. पण गळ्यातून सूर निघतात. डॉक्टर म्हणाले, असं होतं, बोलणं एका जागी असतं आणि गाणं दुसऱ्या. "तुम्ही इथे राहायला आल्यापासून ते शुक्रवारची वाट बघतात. आधी नुसते ऐकायचे, हल्ली गाऊ लागलेत," ती म्हणाली. "त्यांना वार कसा कळतो, मला माहीत नाही. तुमचं काय चालतं ते मला समजतं. मी कोणाला बोलले नाही, बोलणारही नाही. आम्ही आमची नमाज पढतो. मला फक्त माझा बाप जेवायला हवाय."

मी जरा सावरले होते. मी विचारलं, "मधल्या वारी दुपारी ते एक वेगळंच गातात. शेवटी असं वर जातं..." आणि मी ती ओळ गुणगुणून दाखवली.

तिचा कप तोंडापाशीच राहिला. "हे तुम्हाला कसं माहीत?"

"ते आमच्या गावचं भजन आहे, चर्चमधलं."

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "माझी आई आजारी होती तेव्हा एक हिंदी नर्स आमच्या घरी राहायची." तिकडे भारतीय माणसाला हिंदीच म्हणतात. "मी तेव्हा कॉलेजात होते. आईचं दुखणं लांबलं. ती नर्स तिचं सगळं करायची, धुणं-पुसणं, केस विंचरणं, सगळं. काम करताना हेच गुणगुणायची. आम्हाला वाटायचं, सिनेमातलं असेल. तिनं कधी सांगितलं नाही की ती ख्रिस्ती आहे. मला आज तुमच्याकडून कळतंय."

"तिचं नाव?"

"सिस्टर. आम्ही सगळे सिस्टरच म्हणायचो." ती ओशाळली. "आई गेली आणि ती आपल्या देशाला गेली. कुठे, ते आम्ही विचारलंच नाही."

त्या संध्याकाळी मी गावी आईला फोन केला. आमच्याजवळच्या मिशन दवाखान्यातून नर्सिंग शिकून किती तरी मुली आखातात गेल्या. आई म्हणाली, "अगं, त्या काळात घरटी एक गेली. कोण कोण आठवू? काही परत आल्या, काही तिकडेच राहिल्या, काही वारल्या." मी तिला फोनवर भजनाचा सूर ऐकवला आणि विचारलं, "काम करताना हे कोण म्हणायचं?" आई हसली. "सगळ्याच म्हणायच्या."

मंडळी काकांच्या खोलीवर जमली. नवरा म्हणाला, "बाई खरी असेल, पण उद्या तिचा भाऊ, तिचा नवरा ऐकेल. आपण त्यांच्यासाठी गातोय असं कोणी म्हटलं तर तो धर्मप्रचार होईल, आणि मग आपण कुठेच तोंड दाखवू शकणार नाही." त्याचं चूक नव्हतं. नागपूरचे भाऊही तेच म्हणाले. काका खिडकीबाहेर बघत बसले होते. मग म्हणाले, "जन्मभर मी सेवेवर बोलतोय. पहिल्यांदा कोणीतरी दार वाजवून ती मागितलीय. तुम्हाला यायचं नसेल तर येऊ नका. मी जातो, आणि त्या भिंतीपाशी बसून एकटा गातो."

शुक्रवारी सगळे आले. एसी होता तसाच मोठा ठेवला, पडदे होते तसेच ओढले. आम्ही पहिली ओळ म्हटली आणि थांबलो. भिंत गप्प होती. दुसरी ओळ म्हटली. मग पलीकडून तो आवाज आला, आधी खरखरत, मग मोकळा. काकांना पुढचं गाता आलं नाही. त्यांनी रुमाल तोंडावर धरला.

त्या दिवशी ते उपदेशाला उभे राहिले, तारणावर दोन वाक्यं बोलले आणि बसले. म्हणाले, "आज एवढंच."

नंतर त्या बाईनं विचारलं, तुमच्यापैकी कोणी वडिलांची दाढी करून देईल का? तिचा मुलगा जेद्दाला नोकरीला होता, आणि न्हाव्याला म्हातारा जवळ उभं राहू देत नव्हता. काका तयार झाले. मी सोबत गेले. मागच्या जिन्यानं जाताना काकांनी मला विचारलं, "मी काय बोलू त्यांच्याशी?"

"काही बोलायचं नाही, काका. तसं मी तिला कबूल केलंय."

म्हातारा उशांना टेकून बसवलेला होता. पांढरी, वाढलेली दाढी, मोठे डोळे. खोलीत उदाचा वास होता. ते आमच्याकडे बघत नव्हते. आम्ही आत आलो तसं त्यांनी डावा, चालता हात चादरीवरून हळूहळू फिरवला, एक सुरकुती सपाट केली आणि मोठ्या कष्टानं अंग भिंतीकडे सरकवलं. पलंगाच्या कडेला एका माणसापुरती जागा झाली. काका तिथे बसायला वाकले तशी ती बाई घाईनं म्हणाली, "तिथे नको. खुर्ची घ्या. तिथे कोणी बसलेलं त्यांना चालत नाही."

"मग जागा कोणासाठी करतात?" मी विचारलं.

"मला माहीत नाही. कोणी आत आलं की करतात. कधी कोणी आलेलं नसतं तेव्हाही करतात." तिनं आवाज खाली आणला. "त्या वेळी मी खोलीतून बाहेर जाते."

काकांनी खुर्ची ओढली. गालांना साबण लावला आणि वस्तरा चालवायला घेतला. म्हाताऱ्यानं मान वर केली, लहान मुलासारखी. सबंध वेळ त्यांची नजर काकांच्या बाजूला, पलंगाच्या त्या मोकळ्या कडेवर होती. चेहऱ्याच्या उंचीवर. कोणी बोलत असेल आणि आपण ऐकत असू तशी मधूनच त्यांची भुवई हलायची. मी भर दुपारी त्या खोलीत उभी होते, खिडकीतून ऊन येत होतं, आणि तरी मला त्या कडेकडे बघवत नव्हतं. काकांचा हात एकदाही थरथरला नाही. दाढी झाल्यावर त्यांनी गरम पाण्याचं फडकं मागितलं, पलंगाच्या पायथ्याशी खाली बसले आणि म्हाताऱ्याची पावलं पुसली, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा.

त्यानंतर काका दर शुक्रवारी उपासना झाली की तिकडे जायचे. शब्द नाही, प्रार्थना नाही, गळ्यातला क्रूससुद्धा शर्टाच्या आत. आमच्याकडचा त्यांचा उपदेश आखूड होत गेला. कधी बोलता बोलता थांबून ते भिंतीकडे बघायचे. एकदा मला म्हणाले, "तुला सांगू? मी सभांमध्ये हजारो लोकांपुढे उभा राहिलो. लोक माझ्याकडे बघायचे. हा माणूस माझ्याकडे बघतच नाही. मी त्याचे पाय धुतो आणि तो दुसऱ्याच कोणाकडे बघून हसतो. आधी मला राग यायचा."

"आता?"

"आता मी येताना त्या कडेकडे बघून मान लववतो. वेडेपणा आहे. कोणाला सांगू नकोस."

थंडी सरता सरता म्हातारे गेले. ती बातमी मला भिंतीनंच दिली म्हणायची. सकाळी पलीकडून बायकांचा रडण्याचा आवाज आला. तीन दिवस भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. समोरचं ते दार त्या दिवसांत पहिल्यांदा उघडलेलं पाहिलं. पुरुष तिथून आत जात होते. आम्ही दोघं आणि काका संध्याकाळी गेलो. नवरा आणि काका त्या दारानं, मी मागच्या जिन्यानं बायकांत.

खजूर आणि कडू कॉफी फिरत होती. ती माझ्याजवळ येऊन बसली. तिनं माझा हात धरला. मग म्हणाली, "एक विचारायचंय. शेवटच्या सकाळी ते बोलले."

"बोलले?"

"इतक्या वर्षांनी एक शब्द. मी उशी नीट करत होते. त्यांनी पलंगावर जागा केली, तिकडे पाहिलं आणि स्पष्ट म्हणाले. मग डोळे मिटले. मला वाटलं, झोपले." तिनं ओठ ओले केले. "शब्द अरबी नव्हता. पण मी तो आधी ऐकलेला आहे. ती सिस्टर आईला सुई टोचायची, आई कळवळायची, मग ती आईच्या कपाळावर हात ठेवून हेच म्हणायची. पुन्हा पुन्हा. याचा अर्थ काय होतो?"

"काय म्हणाले?"

तिनं तो शब्द तोंडात नीट जुळवून घेतला. "झा-लं."

मी दुसऱ्या हातातली कॉफी खाली ठेवली. 

"झालं म्हणजे..." मी म्हटलं, "खलास."

"खलास," ती म्हणाली. त्या देशात हा शब्द दिवसभर कानावर पडतो. टॅक्सीवाला म्हणतो, दुकानदार म्हणतो, मुलं खेळ संपवताना म्हणतात. तिनं तो असा उच्चारला की जणू तो तिला नव्यानं मिळाला. मग तिनं ओढणीचं टोक तोंडावर घेतलं.

मी बाहेर आले तेव्हा काका आमच्या जिन्यावर, त्या उघड्या दारापाशी उभे होते. मी त्यांना सांगितलं. त्यांनी कठडा धरला. क्रुसावर प्रभूनं शेवटी 'पूर्ण झालं आहे' म्हटलं, ते आमच्यात लहान पोरालाही पाठ असतं. काका त्यावर तासतासभर बोललेले मी ऐकले होते. 

आज त्यांनी एवढंच विचारलं, "त्या नर्सचं नाव नाहीच कळलं?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. दारात भेटायला आलेल्यांच्या चपलांचा मोठा ढीग होता. काका त्यात आपले बूट शोधत बराच वेळ वाकून उभे राहिले.